डावीकडे ओढणारी वानेत

गाडी डावीकडे ओढते हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि तो मान मी आजही कुणाला देणार नाही. माझा नातू इथेच कुवेतात, सलवा भागात राहतो. त्याची गाडी चाकं जुळवायला जाते तेव्हा चारी चाकांना काहीबाही यंत्रं लावतात, पडद्यावर आकडे येतात. परवा मी नुसतं विचारलं, "मागची चाकं बघितली का रे त्यांनी?" तर म्हणतो, "दादी, प्लीज. इट्स ऑल कॉम्प्युटराइज्ड." असेल बाबा. बघितली का, एवढंच विचारलं होतं.

वानेत म्हणजे पिकअप. कुवेतात पहिल्यापासून हाच शब्द. आमची वानेत माझ्या निकाहाच्या आधीच म्हातारी झालेली होती. माझ्या नवऱ्याने आणि मोठ्या दिरांनी मिळून ती कुणाची तरी वापरून टाकलेली घेतली होती. बंदरावरून तांदळाची, कांद्याची पोती उचलायची आणि सूकातल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानांत पोचवायची, हा दोघा भावांचा धंदा. तिसरा माणूस नाही, दुसरी गाडी नाही. मी आले तेव्हा इथे आपला रुपयाच चालायचा, आणि रुपया चालतो म्हटल्यावर मला वाटलं, इथे माझंही चालेल.

काय दिमाख होता त्या मुलीचा! आज समोर आली तर टपली मारीन. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या नाखव्याची लेक. बापाने लाडाने कधी गलबताचं सुकाणू हातात दिलं असेल नसेल, हिला वाटायचं आपण जन्मजात तांडेल. हिच्या हातच्या भाताची पेज व्हायची, आणि ही चुलीपुढे बसून वारा कुठून फिरणार ते छातीठोक सांगायची. वारा फिरायचा दुसरीकडूनच. मग ही म्हणायची, वाऱ्याची चूक.

शर्क मोहल्ल्यात एका मोठ्या अंगणाच्या घरात आमच्या दोन खोल्या होत्या, एक आमची, एक दिरांची. जाऊबाई गावाला सासूजवळ. घरात बाई मी एकटी. आणि आमच्यात तेव्हा मोठा दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नसे, भावजय तर नसेच नसे. दाराच्या आत मी, दाराबाहेर ते, आणि मध्ये आमचे हे, टपालवाल्यासारखे.

"तिला सांग, कालवणात मीठ कमी हाय."

"अगो, भाई म्हणतात मीठ कमी हाय."

"त्यांना सांगा, मिठाचा वाडगा त्यांच्याच पुढ्यात हाय."

"भाई, ती म्हणते पुढच्या वेळी घालीन."

असं टपाल. अर्धी पत्रं वाटेतच बदलायची.

जुम्म्याच्या संध्याकाळी हे मला वानेतमध्ये बसवून समुद्रावर न्यायचे. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, आणि तरी यांचे हात स्टिअरिंग सारखे उजवीकडे धरून. नळाची तोटी कुणी घट्ट धरून बसावं तसे. मी म्हटलं, "अहो, हात सोडा बघू जरा." रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी सोडले. गाडी सरळ डाव्या अंगाला निघाली, घरची आठवण आल्यासारखी.

"रस्ता तिकडे उतरता हाय," हे म्हणाले.

परत येताना त्याच रस्त्यावर, त्याच जागी, मी पुन्हा म्हटलं, "सोडा." गाडी पुन्हा डावीकडेच.

"आता रस्ता इकडून उतरता झाला का?"

यांनी हात परत स्टिअरिंगवर घेतले. घरी येऊन मी गाडीच्या मागे उभी राहिले आणि डोळे बारीक करून बघितलं, तर बाई डाव्या कुल्ल्यावर बसलेली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा खाली. माल उतरलेला, गाडी रिकामी, तरी खाली.

दोघा भावांनी आधी टायरला दोष दिला. पुढचं डावं टायर उजवीकडे लावलं, उजवं डावीकडे. गाडी तरीही डावीकडेच ओढायची. मी दाराआडून म्हटलं, "दोष चपलेत असता तर चपला बदलल्यावर चाल बदलली असती. दोष पायात हाय." हे मात्र टपाल जसंच्या तसं पोचलं. दिरांनी ऐकलं, घसा खाकरला, आणि गाडी शुवेखच्या गॅरेजवाल्या उस्तादकडे नेली. उस्ताद कराचीकडचा, मोठ्या मिश्यांचा. त्याने पुढच्या चाकांमधला दांडा फिरवून चाकं जराशी तिरकी केली. ओढ थोडी मेली. उस्तादने मिश्यांवरून हात फिरवला. आणि पुढचे टायर झिजायला लागले, ते असे की बघत राहावं.

बघत कशाला, मी हात लावून बघितलं. टायरवरून तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटांना करवत. खवल्यांचा मासा असतो ना, रावस म्हणा, शेपटीकडे हात फिरवा तर रेशीम, डोक्याकडे फिरवा तर बोट कापेल. तसं. हे टायर नीट फिरत नव्हतं, कुणीतरी त्याला आडवं फरफटत नेत होतं.

इथवर ती मुलगी हुशार वागली, हे मी कबूल करते. मग तिचा बाप तिच्या अंगात आला.

"एका अंगाला कललं म्हणजे काय करायचं, हे आम्हांला कुणी शिकवायला नको," तिने जाहीर केलं. "नीरम हलवा."

नीरम म्हणजे गलबताच्या तळाला घालतात ते वजन, दगड-वाळूचं. गलबत डावीकडे कललं तर वजन उजवीकडे सारायचं, गलबत उभं राहतं. घरात सगळे दर्यावर्दींचेच वंशज. यांचे आजोबा खलाशी, दीर स्वतः पोरवयात मचव्यावर होते. माझं म्हणणं ऐकून दोघांचे चेहरे उजळले. इतकं साधं कसं सुचलं नाही? दिरांनी चक्क टपाल पाठवलं, "तिला सांग, बरोबर बोलली."

दुसऱ्या दिवसापासून तांदळाची पोती उजवीकडे, कांदे डावीकडे. वानेत सरळ दिसायला लागली. मी अंगणात अशी चालायचे, जणू बंदराचा दिवा मीच लावला. पंजाबातल्या, कानपूरच्या, मद्रासच्या कुणीही गाडीचा हा इलाज केला नसता. आमच्यासारख्या खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या शहाण्यांनाच तो सुचणार. गलबतात काही मोडलेलं नसतं, नुसता तोल गेलेला असतो. गाडीत काहीतरी मोडलेलं होतं, आणि आम्ही तिचा तोल सावरत बसलो होतो.

सगळा भार उजव्या मागच्या टायरवर. सूकाच्या वळणावर ते फुटलं. गाडी एका भिंतीला घासत गेली आणि थांबली. भर बाजारात कांदे पायदळी. यांचं कोपर सोललं, बाकी अल्लाच्या मेहेरबानीने काही नाही. दीर शेजारीच बसले होते. घरी आल्यावर ते भावाचं कोपर स्वतःच्या हाताने धुवत बसले, तोंडाने सारखं 'या अल्ला, या अल्ला'. तो आवाज मी दाराआडून ऐकला, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली नाही, कणव आली.

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून कणव पळाली.

"गाडी भंगारात जाऊ दे. तू अहमदीला तेल कंपनीत नोकरी बघ, तिथे बराकीत राहायला मिळतं एकट्या माणसाला. आणि तिला सांग, पुढच्या बोटीने तिला घरी धाडू."

"त्यांना सांगा, मी जाणार नाही."

"भाई, ती म्हणते... बघू."

"बघू नाही! जाणार नाही!" हे मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या खोलीतल्या माणसाने खिडकी लावून घेतली.

दीर म्हणाले, "तिला सांग, मी ऐकलं नाही." आणि मग हळू आवाजात भावाला, "आज तू मेला असतास. अम्मीला मी काय तोंड दाखवलं असतं?"

माणूस वाईट नव्हता. पण त्यांना त्यांच्या आईची काळजी होती, आणि मला माझ्या आईची आठवण होती. माझ्या आईचं अर्धं आयुष्य ओटीवर बसून खाडीच्या तोंडाकडे बघण्यात गेलं. शीड दिसलं की उठायची, दुसऱ्याचं असलं की बसायची. मी ते उठणं-बसणं बघत मोठी झाले. माझ्या जाऊबाई गावाला तेच करत होत्या. मला नवऱ्याबरोबर राहायचं होतं, मग कुवेत असो की आणखी कुठे. आणि मी राहणार त्या वानेतच्या जिवावर. ती भंगारात तर मी ओटीवर.

दिरांनी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. तोवर फुटलेल्याच्या जागी जादाचं टायर लावून हलका माल चालू होता. एका सकाळी पाण्याचा टँकर आला, अंगणातली टाकी भरताना पाणी उतू गेलं, आणि गल्लीच्या तोंडाशी डबकं झालं. हे वानेत घेऊन त्यातूनच बाहेर पडले. मी दारात उभी होते. गाडी गेली आणि कोरड्या धुळीत ओल्या चाकांचे पट्टे उमटले.

चाकाच्या मागे चाक, म्हणजे दोन पट्टे उमटायला हवेत. माझ्यासमोर चार होते. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जातच नव्हती, थोडी उजवीकडून, आपल्या वेगळ्या वाटेने. मी कमरेवर हात ठेवून हसायला लागले. असे पट्टे मी लहानपणापासून बघितलेले, ओहोटीच्या चिखलात. तोंड एकीकडे, चालणं दुसरीकडे. गाडी कुर्लीसारखी तिरपी चालत होती. आणि आम्ही इतके दिवस तिच्या पुढच्या नांग्या दुरुस्त करत होतो!

दुपारी हे जेवायला आले. मी ताट दिलंच नाही. कपडे वाळत घालायची दोरी सोडून हातात घेतली होती.

"आधी पुढची चाकं सरळ करा. मग हे टोक धरा."

"अगो, भूक लागलीय."

"मी गावाला गेल्यावर रोजच लागेल. धरा."

पुढच्या चाकाच्या मध्यावर त्यांनी टोक धरलं, मागच्या चाकाच्या मध्यावर मी गाठ मारली, उजव्या बाजूला. तीच दोरी डाव्या बाजूला नेली. गाठ मागच्या चाकाच्या मध्याच्या पार पलीकडे गेली. डाव्या बाजूला दोन चाकांमधलं अंतर दोन बोटं कमी. हे माझ्याकडे बघायला लागले, मग दोरीकडे, मग पुन्हा उजवीकडे जाऊन मापून आले. दोरी खोटं बोलत नव्हती.

मग आम्ही दोघं गाडीखाली सरपटलो. माझ्या अंगावर चांगलं लुगडं होतं, त्याचं काय झालं विचारू नका. मागचा आस लोखंडी पाट्यांवर बांधलेला असतो, एकावर एक रचलेले पाटे, आणि त्या सगळ्यांच्या पोटातून एक बोल्ट जातो. तो आसाला जागेवर धरतो. उजवीकडे सगळं सारखं गंजलेलं. डावीकडे मात्र बांधणीच्या, म्हणजे आस पाट्यांना आवळणाऱ्या कड्यांच्या, शेजारी एक पट्टी चांदीसारखी चकाकत होती. तिथला गंज घासून निघाला होता. म्हणजे बांधणी तिथे पूर्वी होती आणि आता सरकली होती. वरचा एक पाटाही चिरलेला. त्यानेच गाडी डावीकडे बसत होती.

"आतला बोल्ट तुटलाय," मी म्हटलं.

"दिसत तर नाय."

"पोटातलं दिसतं का कधी?"

संध्याकाळी यांनी भावाला सांगितलं. दोरीचं, पट्ट्यांचं, चकाकीचं, सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. दीर म्हणाले, "नीरम पण तिनेच सांगितलं होतं."

आता यावर काय बोलणार? बोललेच. "त्यांना सांगा, नीरम सांगितलं तेव्हा 'बरोबर बोलली' कोण म्हणालं?" पण गिऱ्हाईक ठरलं होतं. सकाळी येणार होतं.

तो आला. अंगात पायघोळ पांढरा दिशदाशा, म्हातारा कुवेती, तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या केलेला. तिथल्या गोदीतलं हिंदी फर्डं बोलायचा. तो येण्याआधी मी जाऊन वानेतमध्ये बसले होते. दार लावलं, डोक्यावरून ओढणी पुढे ओढली, आणि समोर बघत राहिले. मला ठाऊक होतं, इथे बाईमाणूस बसलेल्या गाडीचं दार परका पुरुष मरेल पण उघडणार नाही.

तो गाडीजवळ आला, मला बघितलं, आणि तत्काळ पाठ करून उभा राहिला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "भाई, अंदर औरत बैठेला है. मैं कैसे देखेगा?"

दीर लालबुंद. "तिला सांग, खाली उतर!"

हे खिडकीशी आले. "अगो, भाई म्हणतात उतर."

"त्यांना सांगा, उस्तादकडे चला. डावी बांधणी उघडा. बोल्ट साबूत निघाला तर मी गाडीतून थेट बोटीवर जाईन, घरीसुद्धा येणार नाही. तुटलेला निघाला तर गाडीही राहील आणि मीही."

यांनी सांगायला तोंड उघडलं, तर दीर ओरडले, "ऐकलं! सगळ्या गल्लीने ऐकलं!"

म्हातारा भिंतीशीच बोलत होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता. "बात ठीक बोलती है," तो म्हणाला. "खोल के देखो. टूटा नहीं तो मैं ले जाएगा, आज का भाव, कल भी." आणि भिंतीकडे बघतच निघून गेला.

दीर मला उतरवू शकत नव्हते, आणि माझ्या शेजारी बसूही शकत नव्हते. मागे चढून रिकाम्या पोत्यांवर बसले. असे आम्ही शुवेखला निघालो. यांचे हात उजवीकडे ओढून, मी ताठ, आणि मागे दीर, वरातीत रुसलेल्या मामासारखे. बोल्ट साबूत असला तर? ती नाखव्याची लेक बोट लागलेल्या बंदरावर एकटी उभी राहणार होती, आणि तिच्या बाहेर आलेल्या जिभेला परत आत जायचा रस्ता नव्हता.

उस्तादने ऐकून मान हलवली. "सेंटर बोल्ट? होता तो मैं देखता नहीं क्या?" तरी जॅक लावला. बांधणीच्या नटांना गंजाने धरलं होतं, ते हलेनात. तेल घातलं, हातोडा मारला. मी गाडीतून उतरून भिंतीशी उभी. दीर दुसऱ्या भिंतीशी. हे मधोमध, सवयीने.

नट सुटले. पाटे उचलले गेले. उस्तादने हात घातला आणि बोल्टचं डोकं बाहेर काढलं. नुसतं डोकं. मग पक्कडीने उरलेला तुकडा. तुटलेली जागा काळी पडलेली, म्हणजे जुनी मोड.

"मैं भी यही बोलने वाला था," उस्ताद म्हणाला.

मी ओढणीत तोंड खुपसलं. दिरांच्या देखत हसायचं नसतं.

नवा बोल्ट बसवला, चिरलेल्या पाट्याच्या जागी दुसरा घातला, आस जागेवर आणून बांधला, पुढच्या चाकांमधला दांडा उस्तादने मुकाट्याने पुन्हा होता तसा केला. मी यांच्या कानात सांगितलं, "नळ सोडायला सांगा." गॅरेजच्या दारात पाणी सोडलं. दीर पुन्हा मागे चढले, हे स्टिअरिंगवर, मी शेजारी. वानेत पाण्यातून गेली आणि कोरड्या रस्त्यावर लागली. हे हळूहळू बोटं सैल करत गेले, मग तळवे उचलले, मग हात मांडीवर ठेवले. गाडी सरळ. नाकासमोर, नवी नवरी चालते तशी.

मागे दीर वाकून रस्त्याकडे बघत होते. मी आरशातून त्यांना बघत होते. बराच वेळ ते तिथले दोनच पट्टे बघत राहिले. मग त्यांनी टपावर थाप मारली आणि ओरडले, "बंदरावर घे! माल पडलाय! वाटेत तिला घरी उतरव."

हे माझ्याकडे वळले, टपाल द्यायला.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा थेट, त्यांना म्हटलं, "मी नाही उतरणार. मलाही बंदर बघायचंय."

मग टपावर दुसरी थाप पडली. हलकी. यांनी माझ्याकडे बघितलं, मी समोर बघितलं, आणि वानेत बंदराच्या रस्त्याला लागली. माल उजवी-डावी सारखा भरा, हे मी तिथे जाऊन पुन्हा सांगितलंच.